फितूर कोणाला म्हणायचे?

आमच्या एका अभ्यासवर्गात मेक्सिकोच्या पाडावाचा विषय निघाला होता. बोलणारे गृहस्थ इतिहासाचे शिक्षक, चळवळीला जवळचे, तयारी करून आलेले. हेर्नान कोर्तेस १५१९ साली किनाऱ्याला लागला, १३ ऑगस्ट १५२१ रोजी अ‍ॅझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान पडली. शेकड्यांत मोजावे इतके स्पॅनिश आणि समोर लाखोंची वस्ती, मग हे घडले कसे? त्यांनी उत्तर दिले : फितुरीने. त्लाश्कालाचे लोक फितूर झाले आणि मालिंचे नावाची एक बाई फितूर झाली. मागच्या रांगेतला एक विद्यार्थी उठला आणि म्हणाला, "सर, मग कोरेगावचे महार कोण?"

वर्ग गप्प झाला. शिक्षकांना उत्तर सुचले नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही सुचले नाही. हा लेख त्या दिवशीची उधारी आहे.

घरी येऊन मी या विषयावरची पुस्तके पुन्हा काढली. बेर्नाल दिआस हा कोर्तेसच्या फौजेतला साधा शिपाई. त्याने म्हातारपणी ग्वातेमालात बसून आपला इतिहास लिहिला आणि तो त्याच्या मरणानंतर, १६३२ साली छापला गेला. त्याचा राग आहे तो गोमारा या पाद्री-इतिहासकारावर. गोमाराने विजयाचे सगळे श्रेय एकट्या कोर्तेसला दिले, आम्ही रक्त सांडले त्याचे काय, हे त्याचे म्हणणे. मला हा शिपाई आवडतो. तो जखमा मोजतो, घोड्यांचे रंग सांगतो. पण त्याचे गाऱ्हाणे स्वतःपाशी सुरू होते आणि स्वतःपाशीच संपते. वेठीसाठी त्याच्या नावे लावून दिलेल्या गावांतल्या माणसांचे रक्त त्याच्या हिशेबात येत नाही. खालून लिहिलेला प्रत्येक इतिहास तळापर्यंत पोचतोच असे नाही, हे आपल्या लेखकांनीही ध्यानात ठेवावे.

आता त्या बाईकडे येऊ. तिचे मूळ नाव कोणी लिहून ठेवलेले नाही. स्पॅनिशांनी बाप्तिस्मा देऊन तिला मारिना केले. नाहुआ लोकांनी त्याचे मालिन्त्सिन केले. शेवटचा ‘त्सिन’ हा आदराचा प्रत्यय, आपल्या ‘बाई’ किंवा ‘साहेब’सारखा. तिची मातृभाषा नाहुआत्ल. लहानपणीच घरातून गेली, दासी झाली, माया लोकांच्या मुलखात पोचली. १५१९ साली पोतोन्चानच्या माया सरदारांनी लढाई हरल्यावर कोर्तेसला ज्या वीस बायका भेट दिल्या त्यांत ती होती. भेट दिल्या! कोंबड्या द्याव्यात तशा. पुढे ती नाहुआत्लमधले मायात सांगे आणि आगिलार नावाचा स्पॅनिश ते मायातून स्पॅनिशमध्ये सांगे. पुढे तिने स्पॅनिशही आत्मसात केली. तिने कोर्तेसला मुलगा दिला. कोर्तेसने नंतर तिचे लग्न आपल्या एका सरदाराशी लावून दिले.

कोर्तेसने सम्राटाला लांबलचक पत्रे लिहिली. दुसऱ्या पत्रात ही बाई येते ती नावाशिवाय : दुभाषी, या देशातली एक इंडियन स्त्री. दुभाष्याला त्या काळच्या स्पॅनिशमध्ये ‘लेंग्वा’ म्हणत, म्हणजे जीभ. शब्द रूढ होता, त्यात मुद्दाम अपमान नव्हता. पण ती त्याची जीभ होती आणि तिला स्वतःची जीभ नव्हती, ही गोष्ट त्या रूढ शब्दाने उघडी पाडली आहे. तिच्या हातची एक ओळही शिल्लक नाही.

आणि मेक्सिको तिला काय म्हणतो? परक्याच्या पायाशी लोळण घेणाऱ्याला तिथे ‘मालिंचिस्ता’ अशी शिवी आहे. ओक्ताव्हिओ पास यांनी १९५० सालच्या आपल्या गाजलेल्या ग्रंथात तिच्यावर एक प्रकरण लिहिले. त्यांच्या मते मेक्सिकन माणूस हा या भ्रष्ट झालेल्या आईचा पोर आहे आणि तो तिला क्षमा करू शकत नाही. प्रकरण बुद्धिमान आहे, भाषा तर मोहात पाडणारी. पण मला त्यात एक साधा प्रश्न सापडला नाही : जिला आधीच दिले-घेतले गेले होते, तिने नेमका कोणाचा विश्वासघात केला? फितूर व्हायला आधी कोणाचे तरी असावे लागते. ती अ‍ॅझ्टेक साम्राज्याची नागरिक नव्हती. तिच्या लेखी मोक्तेसुमा हा आणखी एक धनी, आणि तोही दुसऱ्याचा. पास यांना मुलांचे दुःख दिसले, विकलेली मुलगी दिसली नाही. ती रोसारिओ कास्तेयानोस यांना दिसली. त्यांच्या १९७२ च्या कवितासंग्रहात याच नावाची कविता आहे आणि ती त्या मुलीच्या बाजूने उभी राहते.

त्लाश्कालाचेही असेच. अ‍ॅझ्टेक सत्तेने त्यांना चहूकडून वेढले होते, मीठ आणि कापूस मिळू दिला नव्हता. त्यांची माणसे लढाईत धरून बळीच्या वेदीवर नेली जात होती. शिवाय, आमचे शिक्षक हे सांगायचे विसरले, की त्लाश्कालाने आधी कोर्तेसशी निकराची झुंज दिली आणि ती निभत नाही असे दिसल्यावर हातमिळवणी केली. तेनोच्तित्लानला वेढा पडला तेव्हा हजारोंच्या संख्येने लढत होते ते हेच लोक आणि अ‍ॅझ्टेकांचे इतर शत्रू. त्यात १५२० च्या देवीच्या साथीने शहर आधीच पोखरले होते.

तर कोरेगाव. १ जानेवारी १८१८ रोजी कंपनीच्या पलटणीत लढलेल्या महारांना देशद्रोही म्हणणारे आजही भेटतात. पेशवाईत त्यांना कोणता देश होता, हा आपला प्रतिप्रश्न ठरलेला आहे आणि तो रास्त आहे. तोच प्रश्न त्लाश्कालाच्या वतीने विचारायला आपण कचरता कामा नये. पण साम्य पुढेही जाते आणि तिथे ते सुखाचे नाही. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची लष्करभरती बंद केली. त्लाश्कालाला स्पेनच्या राजाने सवलती दिल्या, त्यांच्या पुढाऱ्यांनी आपल्या सेवेची चित्रे कापडावर रंगवून घेतली, अर्ज केले. तरी सवलती हळूहळू झिजत गेल्या. १५९१ साली तिथली चारशे कुटुंबे उत्तरेच्या सरहद्दीवर वसाहतीला धाडली गेली. आणखी एक. हातमिळवणीचा निर्णय त्लाश्कालाच्या सरदारांनी घेतला होता. नांगर नसलेल्या त्या मुलखात काठीने शेत उकरणाऱ्याला कोणी विचारले नव्हते. कोरेगावचा शिपाई आणि त्लाश्कालाचा सरदार यांना मी एका पंगतीला बसवणार नाही.

मिगेल लेओन-पोर्तिया यांनी १९५९ साली पराभूतांच्या बाजूचे नाहुआत्ल लेख एकत्र छापले. हे मोठे काम झाले. त्याआधी जगाला एकच बाजू ऐकू येत होती. मात्र हे पराभूत कोण, हे विचारले पाहिजे. त्यातला मोठा भाग साआगुन या पाद्र्याने जमवलेल्या मजकुराचा. त्याला मदत करणारे त्लातेलोल्कोच्या मिशन विद्यालयात शिकलेले उमरावांचे मुलगे. त्लातेलोल्को १४७३ साली तेनोच्तित्लानने जिंकलेले, म्हणून शेजाऱ्यांवरचा जुना राग त्यात आहे आणि मोक्तेसुमा त्यात भेदरट दिसतो. स्पॅनिश म्हणजे परतलेले देव, असे अ‍ॅझ्टेकांना वाटल्याची कथाही पुष्कळशी नंतर रचली गेली असे आता अभ्यासक म्हणतात. हरलेल्या उमरावाला ती सोयीची, जिंकलेल्या पाद्र्याला त्याहून सोयीची. गुलाम, कूळ, बळीसाठी धरून आणलेला माणूस यांचा वेगळा आवाज या संग्रहात मला ऐकू आला नाही. तिथे जात नव्हती, गुलामीही जन्माने चालत येत नव्हती. आपला साचा तिथे बसवू नये. पण वरचा आणि खालचा होताच.

इंकांच्या बाजूने मला फार आशा होती. १६ नोव्हेंबर १५३२ रोजी काहामार्काला पिसारोने आताउआल्पाला पकडले, खोलीभर सोने घेतले आणि १५३३ साली त्याला मारले. त्यानंतर ऐंशी वर्षांनी ग्वामान पोमा नावाच्या एका आंदियन माणसाने स्पेनच्या राजाला सुमारे बाराशे पानांचे पत्र लिहिले, त्यात ३९८ चित्रे काढली. पाद्री मारताहेत, अंमलदार लुबाडताहेत, माणसे खाणीत मरताहेत. इतके जळजळीत दस्तऐवज कमीच. वाचताना मी त्याला भाऊ मानले होते. मग तो तक्रार करतो की जग उलटे झाले, कर भरणारे हलके लोक सरदारांचे कपडे घालून मिरवू लागले. हे बोलणे आपल्या ओळखीचे आहे. आपण ते पाटलाच्या ओट्यावर ऐकले आहे. इंडियनांनी आणि निग्रोंनी आपापल्या जागी वेगळे राहावे, रक्त मिसळू नये, असेही तो राजाला सुचवतो.

मी पुस्तक मिटले आणि चार दिवस उघडले नाही. नंतर पुन्हा उघडले. त्याची चित्रे खोटी होत नाहीत, लाथ मारणारा पाद्री लाथच मारत असतो. शेवटाकडे त्याने स्वतःचे चित्र काढले आहे : म्हातारा लेखक, बरोबर मुलगा, घोडा आणि कुत्री, लिमाकडे चाललेला. ते बाड १९०८ साली सापडले ते कोपनहेगनच्या राजग्रंथालयात.

त्या विद्यार्थ्याला मी मालिन्त्सिनवरचे टिपण दिले आहे. त्याने ते परत करताना समासात लिहिले : "हिच्या वीस बायकांपैकी बाकीच्या एकोणीस?"