साक्षीतलं एक 'नाही'

आठ वर्षांची मुलगी कोर्टात उभी आहे. आईच्या मित्राने तिच्यावर बलात्कार केलाय. त्याचा वकील विचारतो, याआधी त्याने तुला कधी हात लावला होता का? लावला होता. पण 'हो' म्हटलं तर आई, आजी, लाडका भाऊ बेली काय म्हणतील? ती 'नाही' म्हणते. त्या माणसाला वर्षभराची शिक्षा होते, तो लगेच सुटतो आणि थोड्याच वेळात त्याचं प्रेत सापडतं. आपल्या खोट्या शब्दाने माणूस मेला असं धरून ती मुलगी पुढे काही वर्षं भावाखेरीज कुणाशी बोलतच नाही.

माया अँजेलो यांच्या 'आय नो व्हाय द केज्ड बर्ड सिंग्ज' (1969) या आत्मकथनातला हा भाग मी पुन्हा पुन्हा वाचते. बलात्काराबद्दल लिहायला धैर्य लागतंच, ते 'नाही' लिहायला त्याहून जास्त लागलं असेल. त्या माणसाची जवळीक आपल्याला आधी हवीशी वाटली होती, हेही अँजेलो लपवत नाहीत.

अत्याचारातून तगलेल्या बालपणाची पुस्तकं आज ढिगाने निघतात आणि त्यांतली बरीच नेमकी इथे कच्ची राहतात. मूल निष्पाप, मोठा माणूस राक्षस, शेवटी सुटका. डेव्ह पेल्झर यांच्या 'अ चाइल्ड कॉल्ड इट'नंतर (1995) ब्रिटनमध्ये अशा पुस्तकांची लाटच आली, सुपरमार्केटातही ती खपली. पेल्झर यांच्या हकिकतीच्या खरेपणावरून त्यांच्या घरातच दुमत आहे. माझी तक्रार मात्र वेगळी आहे. पानामागून पान मार मोजला की वाचक पुढच्या माराची वाट पाहू लागतो, आणि मूल बाजूला पडतं.

अलीकडे फ्रान्समध्ये या प्रकाराने मोठी मजल मारली. कामी कुश्नेर यांनी सावत्र वडिलांनी आपल्या जुळ्या भावाचं केलेलं शोषण जानेवारी 2021 मध्ये पुस्तकातून मांडलं. देश ढवळून निघाला आणि एप्रिलमध्ये कायदा कडक झाला. साहित्य म्हणून माझं झुकतं माप नेज सिनो यांच्या 'त्रिस्त तिग्र'ला आहे. 2023 चं फेमिना पारितोषिक मिळालेलं हे पुस्तक अत्याचार करणाऱ्या सावत्र बापाच्या चित्रणापासून सुरू होतं. लिहिल्याने जखम भरते हा दिलासा सिनो वाचकाला देत नाहीत. वाचून संपल्यावर हलकं वाटत नाही, आणि ते योग्यच आहे.

मराठीत काय? आपल्याकडे आत्मकथनांची परंपरा भक्कम आहे. भूक, जात, गावकुसाबाहेरचं जिणं आपण वाचलं, अभ्यासक्रमांना लावलं. पण घरातल्याच माणसाने मुलाला दिलेला त्रास समोर आला की आपण त्याला पटकन समाजाचं चित्र म्हणतो. किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर' (1994) आठवा. तमाशात नाचणारी आई एका माणसाबरोबर निघून गेलेली, पोरगं आजोळी कामाला जुंपलेलं, मार खात आईची वाट बघणारं. चर्चा झाली ती समाजाच्या चालीरीतींची आणि त्या पोराने डॉक्टर होण्याची. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांच्या 'मी हिजडा... मी लक्ष्मी!'चंही तेच. लहानपणी नात्यातल्याच माणसाने केलेला अत्याचार त्यात स्पष्ट लिहिलाय, पण लोक बोलतात ते पुढच्या प्रवासाबद्दल.

सामाजिक वाचन चूक नाही. पण त्याच्या आडून आपण 'घरातली गोष्ट घरात' ठेवतो. केंद्र सरकारच्या 2007 च्या अहवालासाठी 13 राज्यांतल्या 12,447 मुलांशी बोलणं झालं. निम्म्याहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं. त्यांतली बरीच आज तिशीत आहेत. कुणी लिहायला बसलंही असेल.

तोवर एवढं करा. 'कोल्हाट्याचं पोर' पुन्हा काढा, त्यातला डॉक्टर थोडा वेळ विसरा आणि आईची वाट बघणाऱ्या त्या पोरासोबत थांबा.