छाटणीची सुरी आणि चित्र दाखवणारा प्रोग्रॅम

आंबा चांगला, माणूस चांगला, तसंच सॉफ्टवेअर चांगलं असं आपण सहज म्हणतो. विशेषण एकच, पण तिन्ही ठिकाणी आपल्या मनात वेगळं काही असतं. आज आम्ही फक्त तिसऱ्याबद्दल बोलणार आहोत, तेही डेस्कटॉपवर चालणाऱ्या आणि एकट्यादुकट्या माणसाने बनवलेल्या सॉफ्टवेअरबद्दल. उदाहरण घेतलं आहे इर्फानव्ह्यूचं. तुमच्यापैकी पुष्कळांनी ते वापरलं असेल, आणि त्याबद्दल विचार मात्र कधी केला नसेल. त्यातच त्याची अर्धी स्तुती आली.

प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या पहिल्या भागात सॉक्रेटिस द्राक्षवेलीचा दाखला देतो. वेलीची फांदी खंजिरानेही तुटेल, पण त्याच कामासाठी घडवलेली सुरी ते जितकं नीट करेल तितकं दुसरं कोणी करणार नाही. वस्तूचं चांगलेपण तिच्या नेमक्या कामावरून ठरतं, असा त्याचा मुद्दा. नाशिककडच्या श्रोत्यांना हे सांगायला ग्रीक माणूस कशाला हवा म्हणा! छाटणीच्या दिवसात तिथे कोणीही चांगली कात्री कोणती ते दोन वाक्यांत सांगेल.

तर इर्फानव्ह्यूचं नेमकं काम कोणतं? चित्राची फाइल उघडून दाखवणं. इर्फान श्किल्यान मूळचे बोस्नियाचे, शिक्षण व्हिएन्नाच्या तांत्रिक विद्यापीठात. 1996 मध्ये त्यांनी हा प्रोग्रॅम पहिल्यांदा लोकांसमोर आणला. घरगुती वापराला फुकट, व्यवसायासाठी वापरणाऱ्याने पैसे भरायचे. आकार अवघा काही एमबी. फाइलवर दोनदा क्लिक केलं की चित्र समोर. बाणाची कळ दाबली की त्याच फोल्डरमधलं पुढचं चित्र, एंटर दाबलं की पूर्ण पडदाभर, एस्केप दाबलं की संपलं. मध्ये स्वागत नाही, खातं उघडा नाही, 'यात नवीन काय' नाही. हायडेगरने 1927 च्या ग्रंथात हातोड्याबद्दल लिहिलं ते आम्ही वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं: हातोडा नीट चालत असतो तेव्हा लक्ष खिळ्याकडे असतं, हातोड्याकडे नसतं. विद्यार्थ्यांना हे अवघड जायचं. त्यांच्यासमोर हा प्रोग्रॅम उघडून दाखवला असता तर निम्मा तास वाचला असता.

आता बनवणाऱ्याच्या बाजूने पाहू. एकटा माणूस सॉफ्टवेअर बनवतो तेव्हा प्रत्येक नवी सोय हे त्याच्यावरचं कर्ज असतं. आज जोडलेलं बटण दहा वर्षांनी नव्या विंडोजवर मोडलं तर दुरुस्त त्यानेच करायचं, तक्रारीची पत्रंही त्यानेच वाचायची. शिवाय वापरणाऱ्यांचे फोटो साठवायला सर्व्हर ठेवणं त्याला परवडत नाही. त्यामुळे होतं काय, की प्रोग्रॅम तुमच्याच मशीनवर राहतो, इंटरनेट नसताना चालतो, आणि फोटो जिथे होते तिथेच राहतात. इर्फानव्ह्यू तुमची चित्रं कुठल्याशा 'लायब्ररी'त ओढून घेत नाही, फोल्डर जसा आहे तसा वाचतो. उद्या प्रोग्रॅम काढून टाकला तर तुमचं काहीही जात नाही. कारागिराची ओढाताण ही वापरणाऱ्याची मोकळीक ठरते, हे आम्हाला या विषयातलं सर्वांत विलक्षण सत्य वाटतं. मोठ्या कंपनीला सर्व्हरही परवडतो आणि दर महिन्याचं भाडंही वसूल करता येतं. अडोबीने 2013 मध्ये आपली कायमची विकत मिळणारी मालिका पुढे न नेता वर्गणीची वाट धरली, तेव्हा हत्यार विकत घेणं आणि भाड्याने घेणं यातला फरक सगळ्यांना कळला.

फाइल कोणाची, हा प्रश्न मराठी माणसाला तर फार जवळचा आहे. 1990 च्या दशकात आपले कितीतरी लेख, प्रबंध, दिवाळी अंक अशा फाँटांत टंकले गेले, ज्यांत देवनागरी अक्षरं इंग्रजी चिन्हांच्या जागी बसवलेली होती. प्रत्येकाची बैठक निराळी. तो फाँट मशीनवर नसला की अख्खा प्रबंध म्हणजे इंग्रजी अक्षरांचा उकिरडा. आज रूपांतर करता येतं, पण जोडाक्षरं आणि रफार तपासत बसावं लागतं. विंडोजमध्येच देवनागरीची सोय 2000 सालच्या आवृत्तीत आली, त्यामुळे आधीच्यांना सगळाच दोष देता येत नाही. पण त्यानंतरही जे तसंच विकत राहिले त्यांनी आपल्या मजकुराला आपल्या दारात बांधून ठेवलं, असंच आम्ही म्हणू.

उलट्या टोकाचं उदाहरण विनॅम्पचं. 1997 मध्ये जस्टिन फ्रँकेल यांनी तो गाणी वाजवणारा छोटा, चपळ प्रोग्रॅम आणला. 1999 मध्ये एओएलने त्यांची कंपनी घेतली. 2002 मध्ये तिसरी आवृत्ती आली ती जडशीळ, अनेक लोक जुनी दुसरीच वापरत राहिले. मग पुढची आवृत्ती थेट पाच क्रमांकाची, दोन अधिक तीन असा हिशेब सांगून! विनोद चांगला होता, पण वापरणाऱ्यांनी दुसरीला कौल दिल्याची ती कबुलीच होती.

लहान कारागिराचं सगळं गोडच असतं असं मात्र नाही. 2019 मध्ये नोटपॅड++ चे डॉन हो यांच्या सही-प्रमाणपत्राची मुदत संपली. प्रोग्रॅम खराखुरा आहे, मध्ये कोणी ढवळाढवळ केलेली नाही, याची ग्वाही देणारं हे प्रमाणपत्र. ते 'नोटपॅड++' या नावाने मिळेना, कारण त्या नावाची कंपनी वा संस्थाच अस्तित्वात नाही! मग त्यांनी एक आवृत्ती सहीविनाच काढली. सही नसली की विंडोज अनोळखी प्रोग्रॅमबद्दल धोक्याची पाटी दाखवतं, आणि साधा माणूस घाबरून मागे फिरतो. विश्वासाची कसोटी इथे कामावरून न लागता नोंदणीवरून लागते. सुरक्षिततेची गरज आम्हालाही मान्य आहे, पण दाराशी उभं राहून फक्त 'कंपनी कुठली?' एवढंच विचारणं हे अपुरं आहे.

आणि आता इर्फानव्ह्यूचे दोष, कारण नुसती आरती करायची तर व्याख्यान कशाला? सेटिंग्जची खिडकी म्हणजे जुन्या वाड्याची माळवदाची खोली, सगळं आहे, सापडत काही नाही. प्रोग्रॅम फक्त विंडोजसाठी आहे. त्याचा मूळ संकेत खुला नाही. उद्या श्किल्यान थांबले तर दुसऱ्या कोणाला तो पुढे नेता येईलच असं नाही. नोटपॅड++ किंवा इगोर पाव्लोव यांचं 7-झिप या बाबतीत उजवे ठरतात, त्यांचा संकेत कोणालाही उघडून पाहता येतो. फाइली तुमच्याच राहतात हे खरं, पण हाताला बसलेली सवय जाते, तीही काही कमी किमतीची नसते.

आमची सर्वांत मोठी तक्रार फोटो फिरवण्याबद्दल आहे. जेपेगचं चित्र आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटींत दाबून साठवलेलं असतं. साधेपणाने फिरवून जतन केलं तर ते उलगडून पुन्हा दाबलं जातं, आणि दर वेळी थोडं बारीक काम पुसलं जातं. त्या चौकटी न उलगडता फिरवण्याची युक्ती आहे, आणि ती इर्फानव्ह्यूला येते. पण त्यासाठी वेगळं प्लगइन उतरवून घ्यायचं आणि शिफ्ट दाबून जे दाबायचं. साधी आर कळ दाबून जतन करणाऱ्याला कोणी सांगत नाही की आजोबांच्या फोटोचा थोडा अंश आत्ता गेला. सोपी वाट नुकसानीची आणि आडवाट बिननुकसानीची, ही मांडणी उलटी आहे. श्किल्यानांकडे आमचं मागणं एवढंच राहील की जेपेग फाइल असेल तेव्हा आर कळीलाच ती बिननुकसानीची युक्ती जोडून द्यावी, आणि ती जिथे लागू पडत नसेल तिथे जतन करण्याआधी एका ओळीत तसं सांगावं.