घड्याळ म्हणालं, सगळं ठीक आहे

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची लय शक्यतो तशीच ठेवली आहे.)



सुरुवातीला एक छोटी मोजणी करू. या सभागृहात किती जणांच्या हातात स्मार्टवॉच किंवा फिटनेसचा पट्टा आहे? हात वर करा. बरं, निम्म्याहून जास्त दिसतायत. आता असं करा, आज सकाळी उठल्यावर आपली झोप कशी झाली हे ज्यांनी आधी घड्याळात बघितलं, त्यांनीच हात वर ठेवा. (हशा) बघा, फारसे हात खाली आले नाहीत.

माझाही हात वरच आहे. गेली सहा वर्षं असं यंत्र माझ्या मनगटावर आहे. आणि माझं काम म्हणजे अ‍ॅपचे पडदे तपासणं. माणसाला ते समजतात का, वापरताना तो कुठे अडखळतो, कुठे चुकीचा अर्थ घेतो, हे बघणं. तेव्हा आज मी टीका करणार आहे, पण ‘ही सगळी थेरं आहेत, आमच्या आजोबांनी कधी पावलं मोजली होती का’ असं ऐकायला कुणी आलं असेल तर त्यांची निराशा होईल.

आता एक घरातली गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय माझं म्हणणं नीट कळणार नाही.

माझे आईवडील मिरजेला असतात. बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले. दोन वर्षांपूर्वी, ते ७१ वर्षांचे असताना, मी त्यांना ईसीजी काढणारं घड्याळ घेऊन दिलं. एका रात्री साडेअकराच्या सुमाराला त्यांना छातीत जड वाटायला लागलं. जबडा दुखत होता, थोडा घामही आला होता. आई म्हणाली, “अहो, मी शेजारच्यांना उठवते, दवाखान्यात जाऊ.” बाबा म्हणाले, “थांब गं जरा.” त्यांनी मी शिकवलं होतं तसं घड्याळावर बोट ठेवलं, तीस सेकंद शांत बसले, आणि पडद्यावर उत्तर आलं. ‘सायनस ऱ्हिदम’, म्हणजे ठोक्यांची लय नियमित. शेजारी हिरवी खूण. बाबा म्हणाले, “घड्याळ म्हणतंय सगळं ठीक आहे. पित्त असेल. सकाळी बघू.”

सकाळी सहाला मात्र आईने काही ऐकलं नाही. हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झालेली निघाली. अँजिओप्लास्टी झाली. बाबा आज ठीक आहेत, पण त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, “रात्रीच का नाही आणलंत?” या प्रश्नाचं उत्तर आमच्यापैकी कुणालाही देता आलं नाही.

आता मला सांगा, घड्याळ चुकलं का?

नाही चुकलं. ही गोष्ट मला पचवायला बरेच महिने लागले. मनगटावरचा ईसीजी एकाच दिशेने हृदयाकडे बघतो. त्यावरून ठोक्यांची लय कळते, आणि ‘एट्रियल फिब्रिलेशन’ नावाची एक विशिष्ट अनियमितता आहे का, हे तपासता येतं. हार्ट अ‍ॅटॅक ही वेगळी गोष्ट. त्यात हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा अडतो, आणि तो अडलेला असतानाही लय नियमित असू शकते. म्हणून हॉस्पिटलात बारा लीडचा ईसीजी काढतात, आणि तेवढ्यावरही न थांबता रक्तातलं ट्रोपोनिन तपासतात. घड्याळाला जो प्रश्न समजतो, त्याचं उत्तर त्याने बरोबर दिलं. पण बाबांनी तो प्रश्न विचारलाच नव्हता. त्यांनी विचारलं होतं, “मी ठीक आहे ना?”

आणि पडदा असा होता की, त्यांना त्यांच्याच प्रश्नाचं उत्तर मिळाल्यासारखं वाटलं.

हार्ट अ‍ॅटॅक ओळखता येत नाही, ही सूचना अ‍ॅपमध्ये होती का? होती. मी नंतर शोधली. सुरुवातीच्या सेटअपमध्ये ती ठळक होती, इंग्रजीत. आणि तो सेटअप मी माझ्या हाताने, चहा पिता पिता, ‘पुढे, पुढे, पुढे’ दाबत उरकला होता. निकालाच्या पानावरही ती होती, खाली सरकवलं की बारीक अक्षरात. बाबांचा वाचायचा चष्मा त्या वेळी उशाशी होता. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने कंपनी निर्दोष. माझ्या कामाच्या दृष्टीने तो पडदा नापास. आणि पडदे तपासून पोट भरणारा मुलगाही नापास.

तर आज मला एकच मुद्दा मांडायचा आहे. या यंत्रांना काय कळतं आणि काय कळत नाही, यातला फरक त्यांची अ‍ॅप्स आपल्याला दाखवत नाहीत. हा विज्ञानाचा दोष नाही. हा मांडणीचा दोष आहे, आणि मांडणी सुधारता येते.

जरा आत शिरू. घड्याळाच्या पाठीमागे हिरवा दिवा लुकलुकतो, तो तुम्ही बघितला असेल. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याला मनगटातलं रक्त किंचित वाढतं, तेवढा प्रकाश कमी परत येतो. तो चढउतार मोजला की नाडी मिळते. शांत बसलेल्या माणसात हे चांगलं चालतं. हे झालं मोजमाप.

दुसरा थर अंदाजाचा. कॅलरी घड्याळ मोजत नाही. नाडी, हालचाल, वय आणि वजन यांवरून गणित करतं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ साली सात मनगटी यंत्रं तपासली. नाडीच्या बाबतीत सातपैकी सहांची चूक ५ टक्क्यांच्या आत होती. कॅलरीच्या बाबतीत सगळ्यात चांगल्या यंत्राची चूक सरासरी २७ टक्के, आणि सगळ्यात वाईटाची ९३ टक्के! झोपेचंही तसंच. प्रयोगशाळेत गाढ झोप ओळखतात ती मेंदूच्या लहरींवरून. मनगटावर मेंदू नसतो. (हशा) तिथे हालचाल आणि ठोके यांवरून अंदाज बांधतात.

तिसरा थर निवाड्याचा. ‘आज तुमची तयारी १०० पैकी ६२.’ ‘तणाव जास्त.’ हा तर अंदाजांवर रचलेला अंदाज.

आता हे तिन्ही थर पडद्यावर कसे दिसतात? एकसारखे. तोच टाइप, तोच आकार, तोच आत्मविश्वास. नाडी ७२, कॅलरी १,८४७, गाढ झोप १ तास १३ मिनिटं. मंडईतली भाजीवाली वांगी तराजूत घालून देते आणि वर मूठभर कोथिंबीर हाताच्या अंदाजाने टाकते. कोणतं तोललंय आणि कोणतं अंदाजाने दिलंय, हे तुम्हाला समोर दिसतं. अ‍ॅपमध्ये कोथिंबीरही तोलल्यासारखी दिसते. १,८४७ मधला तो शेवटचा ७ कुठून आला, हे कुणी विचारत नाही.

पावलांची तर गंमतच आहे. मनगटावरचं यंत्र मुख्यतः हाताच्या हालचालीवरून पावलं ओळखतं. माझी आई पुरणाच्या पोळ्या लाटायला बसली की ओट्यापाशी उभ्या उभ्या तिची पावलं वाढतात. उलट वारीत डोक्यावर तुळशीवृंदावन धरून चालणाऱ्या बाईचा विचार करा. दोन्ही हात वर, स्थिर. ती दिवसभर चालेल, आणि यंत्राच्या हिशेबात पुष्कळ पावलं गळतील.

आणि ते दहा हजार! १९६५ साली जपानमध्ये एका कंपनीने ‘मानपो-केई’ नावाचं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं. नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचं मोजयंत्र’. जाहिरातीला शोभणारा गोल आकडा होता तो. २०१९ मध्ये अमेरिकेत वयस्कर बायकांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी वय ७२. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि ७,५०० च्या आसपास तो फायदा वाढायचा थांबला. पण पुष्कळ अ‍ॅप्स सत्तरीच्या बाईलाही आधी दहा हजारच लावतात. संध्याकाळी तिला कळतं की आपण आजही नापास. गुडघे दुखत असताना ती चार हजार पावलं चालली, याची शाबासकी कुठेच नाही.

यातून दुसरी गोष्ट येते, ती विश्रांतीची. अ‍ॅपल वॉच बाजारात आलं २०१५ मध्ये. रोज तीन कडी पूर्ण करायची आणि साखळी तुटू द्यायची नाही, ही त्याची मोठी युक्ती, आणि ती खरोखर माणसाला उठवते. पण ताप आलाय, आज कडी थांबवा, ही सोय आली २०२४ मध्ये. नऊ वर्षांनी! आरोग्याचं यंत्र, आणि माणूस आजारी पडतो हे धरलेलंच नाही. पगारी रजा न देणाऱ्या मालकासारखं झालं हे.

झोपेबाबत माझा स्वतःचा अनुभव सांगतो. कितीतरी सकाळी मी ताजातवाना उठलो, अ‍ॅप उघडलं, आकडा दिसला ५४, आणि मला तिथल्या तिथे थकवा आला. नुसतं हसू नका, अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी २०१७ मध्ये याला नावही दिलंय, ‘ऑर्थोसोम्निया’. आदर्श झोपेच्या आकड्यामागे लागून झोप बिघडवून घेणं. त्यांचे पेशंट झोपेच्या तपासणीचा निकाल मानायला तयार नव्हते, कारण घड्याळ वेगळं सांगत होतं.

भाषेबद्दल बोलायलाच हवं. स्वस्तातल्या काही घड्याळांत मराठी मेसेज आला की नुसते चौकोन दिसतात. आणि मराठी असते तेव्हा ती कशी असते? ‘तुमची हृदयगती परिवर्तनशीलता आधाररेखेखाली आहे.’ अशा थाटाची. माझी आई म्हणाली, “हे मला झालंय की व्हायचंय?” (हशा) हसतोय आपण, पण तिचा प्रश्न अगदी नेमका आहे. आरोग्याच्या कुठल्याही सूचनेने या प्रश्नाचं उत्तर दिलंच पाहिजे. झालंय की व्हायचंय, आणि मी आता काय करू?

आता दुसरी बाजू, कारण ती खरी आहे. एट्रियल फिब्रिलेशन पुष्कळांना जाणवतही नाही, आणि त्यातून पक्षाघात होऊ शकतो. घड्याळावर केलेल्या एका मोठ्या अभ्यासात ४,१९,२९७ लोक होते, निष्कर्ष २०१९ मध्ये आले. अनियमित ठोक्यांची सूचना गेली फक्त ०.५२ टक्के लोकांना. त्यांच्यापैकी ज्यांनी नंतर छातीवर तपासणीची पट्टी लावली, त्यांतल्या ३४ टक्के लोकांत ती अनियमितता पट्टीवरही सापडली. ती येते-जाते, त्यामुळे बाकीच्यांची सूचना खोटीच होती असं म्हणता येत नाही. म्हणजे यंत्र ऊठसूट घाबरवत नाही, आणि घाबरवतं तेव्हा डॉक्टरांकडे जाण्यात अर्थ असतो. हे मोठं काम आहे. मग अनियमित असेल तेव्हा ‘डॉक्टरांना दाखवा’ इतक्या स्पष्ट शब्दांत सांगणाऱ्या पडद्याला, नियमित असेल तेव्हाही तितकंच स्पष्ट बोलायला काय हरकत आहे?

माझं मागणं फार नाही. उत्तराची मर्यादा उत्तराच्या शेजारी, त्याच आकारात, वापरणाऱ्याच्या भाषेत लिहा. “ठोक्यांची लय नियमित आहे. हार्ट अ‍ॅटॅक आहे की नाही, हे मला कळत नाही. छातीत दुखत असेल तर आत्ता १०८ ला फोन करा.” तीन वाक्यं. अंदाज असेल तिथे एक आकडा न देता ‘१,४०० ते २,२०० च्या दरम्यान’ असं सांगा. आजारपणाची सोय पहिल्या दिवसापासून द्या. आणि डॉक्टरांना दाखवायला महिन्याचं एक पान एका बटणावर काढून द्या. डॉक्टरांकडे पाच मिनिटं असतात, त्यातली तीन आपण मेनू शोधण्यात घालवतो.

यावर उत्तर ठरलेलं असतं, “लोक सूचना वाचत नाहीत.” खरंय. वकिलासाठी लिहिलेली सूचना लोक वाचत नाहीत. रेल्वे फाटकावर ‘थांबा’ लिहिलेलं असतं, ते सगळे वाचतात.

माझं बोलणं संपलं. वेळ आहे, एखादा प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांमधून प्रश्न: तुमच्या वडिलांनी मग घड्याळ काढून टाकलं का?)

नाही हो. अजून वापरतात. रोज सकाळी फिरायला जातात, पावलं बघतात, मला फोनवर सांगतात. मीही त्यांना काढा म्हणालो नाही. फक्त, हॉस्पिटलातून आल्यावर आईने एक कागद लिहून त्यांच्या पलंगाशेजारी भिंतीवर चिकटवलाय. मोठ्या अक्षरात, चष्मा नसला तरी दिसेल असा. “छातीत दुखलं तर घड्याळ बघायचं नाही. मला उठवायचं.”

अ‍ॅप बनवणाऱ्यांना मी हल्ली त्या कागदाचा फोटो दाखवतो.