मुद्रा आणि भांडे : एका आधारग्रंथाचे परीक्षण

हॉवर्ड हर्शेल कॉटरेल यांचा ‘ओल्ड प्यूटर : इट्स मेकर्स अँड मार्क्स’ हा ग्रंथ १९२९ साली प्रसिद्ध झाला. इंग्लंड, स्कॉटलंड व आयर्लंड येथील प्यूटरकारांची नावे आणि मुद्रा यांचा हा संग्रह या विषयाचा आधारग्रंथ मानला जातो. त्याची उपयुक्तता निर्विवाद आहे. परंतु केवळ मुद्रांच्या आधारे घरगुती भांड्यांचा इतिहास कितपत उभा राहतो, हा प्रश्न शिल्लक उरतोच.

मुद्रेचे मूळ धातूच्या शुद्धतेत आहे. कथिलात शिसे वाढविले की भांडे स्वस्त पडते, पण हिणकस होते. म्हणून लंडनच्या प्यूटरकारांनी १३४८ च्या नियमावलीत मिश्रणाच्या प्रती ठरविल्या : ताटे व मीठदाण्या यांसाठी तांबे घातलेले उत्तम कथील, इतर गोल भांड्यांसाठी शिसेमिश्रित कथील. पुढे कायद्यानेच मुद्रा आवश्यक केली. अर्थात मुद्रा ही कलावंताची स्वाक्षरी नव्हे. ती मालाविषयीची जबाबदारी होय. कित्येकांनी तर तिच्याजवळ चांदीवरील शिक्क्यांची नक्कल करणारे ठसेही उमटविले. त्यांना कायद्याचा आधार नव्हता.

शिवाय मुद्रा धन्याची असे. साच्यात ओतणे, चरकावर कातणे आणि ताटाची कड ठोकून घट्ट करणे, ही कामे मोठ्या कारखान्यात वेगवेगळे हात करीत. ते हात या ग्रंथात दिसत नाहीत.

याहून महत्त्वाची मर्यादा सामग्रीतच आहे. प्यूटर मंद आचेवर वितळते. झिजलेले ताट वजनावर देऊन नवे घेण्याचा प्रघात होता. आपल्याकडील ‘मोडीत काढणे’ हा वाक्प्रचार अशाच व्यवहारातून आला आहे. त्यामुळे रोज वापरले गेलेले भांडे बहुधा नाहीसे झाले आणि जपून ठेवलेले उरले. उरलेल्यांची सूची म्हणजे वापराचा इतिहास नव्हे.

वापराची खूण मात्र त्याच भांड्यांवर आढळते. पती, पत्नी व कुलनाम यांची तीन आद्याक्षरे अनेक ताटांच्या काठावर ठोकलेली असतात. मराठी घरांत भांड्यावर नाव घालण्याची रीत ज्यांना परिचित आहे, त्यांना या अक्षरांचे मोल सांगावयास नको. कारागिराची मुद्रा भांडे कोणी विकले ते सांगते. ते कोणाच्या संसारात होते, हे ही अक्षरे सांगतात. कॉटरेल यांच्या सूचीला या दुसऱ्या सूचीची जोड मिळाल्याखेरीज हा इतिहास एकांगीच राहील.