मालकिणीची भीती

थोरामोठ्यांची आत्मचरित्रे मी जरा भीतभीतच हाती घेते. विजयाचे चौघडे वाजू लागले, की किती पाने उरली ते मी पाहू लागते. कॅथरीन ग्रॅहम यांचे ‘पर्सनल हिस्टरी’ तर सहाशेंहून अधिक पानांचे. शिवाय बाई ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या बड्या अमेरिकन दैनिकाच्या मालकीण. १९९७ साली निघालेल्या या पुस्तकाला पुढच्याच वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. तरीही मी ते शेवटपर्यंत वाचले, नि काही पाने पुन्हा वाचली. बाईंनी त्यात पराक्रमापेक्षा भीती अधिक सांगितली आहे.

१९३३ साली वडिलांनी, युजीन मेयर यांनी, दिवाळे निघालेले ‘पोस्ट’ लिलावात सव्वाआठ लाख डॉलरना घेतले. शाळकरी कॅथरीनला ते घरात कोणी सांगितलेसुद्धा नाही! पुढे १९४८ मध्ये मताधिकाराचे शेअर वाटताना त्यांनी जावयाला, फिलिप ग्रॅहम यांना, साडेतीन हजार दिले आणि पोटच्या मुलीला दीड हजार. नवऱ्याने बायकोच्या हाताखाली काम करणे बरे नव्हे, असा त्यांचा हिशेब. त्या वेळी आपल्यालाही ते रास्तच वाटले, असे बाई लिहितात. वडिलांना दोष देऊन वाचकाची सहानुभूती मिळवणे किती सोपे होते! निम्म्या पुस्तकात तर नवराच नायक आहे. रमाबाई रानड्यांच्या १९१० मधल्या आठवणी ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना ही रीत परकी वाटू नये.

३ ऑगस्ट १९६३ रोजी, मनाच्या दीर्घ आजारानंतर, फिलिप यांनी गोळी झाडून घेतली. सेहेचाळीस वर्षांच्या कॅथरीनबाई वृत्तपत्राच्या प्रमुख झाल्या. नाताळच्या समारंभात कर्मचाऱ्यांना दोन शब्द शुभेच्छा द्यायच्या, त्याचीही त्यांनी घरी तालीम केली! हा प्रसंग वाचून मी आधी हसले, मग हसू आवरले.

म्हणूनच १७ जून १९७१ ची संध्याकाळ इतकी जिवंत उतरली आहे. व्हिएतनाम युद्धाविषयीची गुप्त सरकारी कागदपत्रे ‘पोस्ट’च्या हाती आलेली, ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला ती छापण्यास न्यायालयाची मनाई झालेली. दोनच दिवसांपूर्वी ‘पोस्ट’चे शेअर बाजारात आले होते. वकील नको म्हणतात, संपादक छापा म्हणतात, आणि बाई घरी पाहुण्यांत. फोनवर त्या विश्वासू फ्रिट्झ बीबींना विचारतात. ते नकारच देतात, पण त्या नकाराचा सूर किंचित सैल आहे, हे बाईंच्या कानाने टिपले. त्यांनी होकार दिला. ३० जूनला सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी वृत्तपत्रांच्या बाजूने निकाल दिला. वॉटरगेटची हकीकत सर्वश्रुत आहे. तिथे थांबत नाही.

माझी तक्रार १९७५ च्या छपाई कामगारांच्या संपाबद्दल आहे. कामगारांनी यंत्रांची मोडतोड केली, एका फोरमनला मारहाण झाली. मालकिणीचा संताप समजू शकतो. पण एरवी स्वतःची इतकी कठोर उलटतपासणी घेणाऱ्या बाई इथे बहुतांशी मालकाच्या खुर्चीतूनच बोलतात. ज्यांच्या जागी कायमची नवी माणसे आली, ते कामगार मला या पानांत पुरेसे दिसले नाहीत. मंत्री-अध्यक्षांच्या जेवणावळीही फार झाल्या आहेत. ती पाने मी चाळली. आपणही खुशाल चाळावीत.