एक कीबोर्ड, दोन संगणक : सुरक्षित सामायिक स्विचच्या मानकाची चिकित्सा

प्रस्तावना :

लोणावळा, वळवण आणि शिरोता या धरणांचे पाणी सह्याद्रीचा कडा उतरून खोपोलीला जाते आणि १९१५ पासून तेथे त्यापासून वीज तयार होते. मावळातील ठोकळवाडी धरणाच्या पाण्यावर १९२२ पासून भिवपुरीचे केंद्र चालते. मावळच्या पावसाचे आणि मुंबईच्या दिव्यांचे नाते असे शंभर वर्षांहून जुने आहे. वीजकेंद्राचा नियंत्रण-कक्ष संगणकाधिष्ठित झाल्यापासून मात्र या नात्यात एक नवा प्रश्न शिरला. जनित्रे व झडपा यांवर देखरेख करणारा संगणक बाहेरच्या जगापासून तुटलेला हवा, आणि पावसाचा अंदाज व वरिष्ठांचा ई-मेल पाहण्यासाठी जगाशी जोडलेला संगणकही हवा. मेज एक, माणूस एक, संगणक दोन. अशा ठिकाणी एकच कीबोर्ड, माऊस आणि मॉनिटर दोन्ही संगणकांना आलटून पालटून जोडणारे उपकरण वापरण्याचा मोह स्वाभाविक आहे. त्यालाच केव्हीएम स्विच म्हणतात.

प्रस्तुत लेखात अशा उपकरणाच्या 'सुरक्षित' प्रकारासाठी अमेरिकेच्या नॅशनल इन्फर्मेशन अश्युरन्स पार्टनरशिप या यंत्रणेच्या मानकाची, म्हणजे 'प्रोटेक्शन प्रोफाइल'ची, चिकित्सा केली आहे. त्याची पहिली आवृत्ती २००० साली, तिसरी २०१५ मध्ये आणि चौथी २०१९ मध्ये आली. एखाद्या विशिष्ट केंद्राची तपासणी येथे अभिप्रेत नाही. मानक वाचताना डोळ्यांसमोर एखादी जागा असावी लागते. येथे ती मावळ आहे.

उपकरणाची अंतर्बाह्य बाजू :

बाजारात मिळणारा साधा स्विच निरुपद्रवी भासतो. कीबोर्डवरून अक्षरे संगणकात जातात, एवढेच वापरणाऱ्यास ठाऊक असते. वस्तुतः वाहतूक दुहेरी आहे. कॅप्स लॉकचा दिवा संगणकाच्या आज्ञेने लागतो, म्हणजे संगणकाकडूनही कीबोर्डकडे माहिती येते. बाधित संगणकाने ही वाट वापरून कीबोर्डमध्ये किंवा स्विचच्या स्मृतीत काही खूण ठेवली आणि बटण दाबताच तीच स्मृती दुसऱ्या संगणकापुढे आली, तर दोघांमधील भिंत उरली कुठे? सुरक्षित स्विचमध्ये म्हणून कीबोर्डची वाट एकदिशा केलेली असते. याचा एक गमतीदार परिणाम असा की, कॅप्स लॉक दाबूनही कीबोर्डवरचा दिवा लागत नाही. खरेदी करणारा त्याला बिघाड समजतो. प्रत्यक्षात ज्या गुणासाठी पैसे मोजले तोच हा गुण होय.

मॉनिटरची कथा अधिक सूक्ष्म आहे. प्रत्येक मॉनिटर आपली ओळख एका छोट्या स्मृतीत बाळगतो. तिचा मूळ गट अवघ्या १२८ बाइटांचा असतो. जोडणी होताच संगणक ती वाचतो. परंतु ज्या तारांवरून वाचता येते त्याच तारांवरून काही मॉनिटरांत लिहिताही येते. एका संगणकाने लिहावे, दुसऱ्याने वाचावे, आणि मधल्या माणसाला पडद्यावर काहीही दिसू नये! सुरक्षित स्विच मॉनिटरची ओळख स्वतः वाचतो आणि प्रत्येक संगणकाला तिची वेगळी प्रत दाखवतो. मायक्रोफोनला मानकात थारा नाही. यूएसबीबाबतची कठोरताही रास्त आहे. साध्या पेन ड्राइव्हचे अंतर्गत सॉफ्टवेअर बदलून त्याला कीबोर्डचे सोंग देता येते, हे कार्स्टेन नोल आणि याकोब लेल यांनी ऑगस्ट २०१४ मध्ये दाखवून दिले होते.

या भागात मानकाची विचारपद्धती प्रशंसनीय आहे. तिचे तत्त्व लोणावळ्याच्या वाचकाला नवे वाटू नये. बोरघाटात १ : ३७ उताराच्या लोहमार्गावर घाट उतरणाऱ्या गाड्यांसाठी कॅच सायडिंगची योजना आहे. तेथील सांधे मुळातच सायडिंगकडे वळवलेले असतात. गाडी थांबली, ताब्यात आहे, याची खात्री पटल्यावरच तिला मुख्य मार्ग मिळतो. चालकाच्या सद्हेतूवर भिस्त नाही, रचनेवर आहे. सुरक्षित स्विचमधील एकदिशा वाट याच जातीची आहे.

गृहीतकांचे राजकारण :

मानकाची खरी परीक्षा मात्र त्याच्या गृहीतकांच्या प्रकरणात होते, आणि खरेदी करणारे नेमके तेच प्रकरण वगळतात. उपकरण ठेवलेली जागा भौतिकदृष्ट्या सुरक्षित आहे, असे तेथे गृहीत धरले आहे. प्रशासक विश्वासू आहे, असे धरले आहे. वापरणाऱ्यास जोडलेल्या सर्व संगणकांवर काम करण्याची मुभा आहे आणि ती नियंत्रित करणे हे स्विचचे काम नाही, असेही म्हटले आहे. संगणक व जोडसाधने विद्युतचुंबकीय उत्सर्जनाच्या दृष्टीने प्रमाणित नाहीत, हेही मान्य केले आहे. थोडक्यात, पेटीच्या आत जे घडते त्याची हमी आहे; पेटीभोवतालची खोली आणि पेटीसमोरचा माणूस हे दोन्ही आधीच निर्दोष मानले आहेत.

मानकाच्या मर्यादेत हे चूक म्हणता येणार नाही. मात्र अनर्थ कोठून आले ते पाहावे. २०१० मध्ये उघडकीस आलेला स्टक्सनेट इराणमधील नतांझच्या तुटक यंत्रणेत पोहोचला तो पेन ड्राइव्हच्या मार्गाने, असे मानले जाते. कुडनकुलम प्रकरणात अणुऊर्जा महामंडळाने ३० ऑक्टोबर २०१९ रोजी मान्य केले की, प्रशासकीय कामासाठी इंटरनेटशी जोडलेल्या जाळ्यावरील एका वापरकर्त्याचा संगणक बाधित झाला होता. नियंत्रण-यंत्रणा वेगळी असल्याने ती अबाधित राहिली. १२ ऑक्टोबर २०२० च्या मुंबईतील वीजखंडानंतर तर कारणाविषयीच मतभेद झाले. राज्याच्या गृहमंत्र्यांनी मार्च २०२१ मध्ये सायबर घातपाताची शक्यता मांडली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक म्हटले. यांपैकी कोठेही मॉनिटरच्या १२८ बाइटांचा दोष पुढे आला नाही.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची २०२१ ची सायबर सुरक्षा मार्गदर्शक तत्त्वे या पार्श्वभूमीवर वाचनीय ठरतात. नियंत्रण-यंत्रणा इंटरनेटाभिमुख यंत्रणेपासून कठोरपणे विलग असावी, इंटरनेटाभिमुख संगणक ठेवायचाच तर तो वेगळ्या खोलीत माहिती-सुरक्षा अधिकाऱ्याच्या ताब्यात असावा, आणि माहितीची ने-आण ओळख निश्चित केलेल्या, मान्यताप्राप्त साधनानेच व तपासणीनंतर व्हावी, असे ती सांगतात. अमेरिकन मानक दोन संगणक एका मेजावर आणून त्यांच्यामध्ये भिंत घालते. भारतीय तत्त्वे त्या दोघांत सरळ दुसरी खोलीच उभी करतात. दुसरा उपाय ओबडधोबड खरा, पण मावळसारख्या ठिकाणी तोच अधिक प्रामाणिक वाटतो. खोलीचे दार उघडे आहे की बंद, हे शिपायालाही दिसते. स्विचच्या आतील एकदिशा वाट शाबूत आहे की नाही, हे अभियंत्यालाही बाहेरून दिसत नाही. त्याला छेडछाड दाखवणाऱ्या सीलवर विसंबावे लागते. वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या लोणावळ्यात त्या सीलचा गोंद किती पावसाळे टिकतो, हा प्रश्न प्रयोगशाळेत सुचणारा नव्हे.

तथापि खोलीच्या उपायातही खोट आहे. जुलैच्या रात्री धरण भरत आले असता पाळीवरच्या माणसाला पर्जन्यमानाचा तक्ता नियंत्रण-कक्षात हवा असतो. तक्ता शेजारच्या खोलीत आहे. सुरक्षित स्विच असता, तर त्याने तो एका पडद्यावर पाहून दुसऱ्या संगणकात हाताने टंकला असता. डोळा आणि बोटे हाच तेव्हा दोन संगणकांमधला मार्ग झाला असता. हा मार्ग संथ आहे, त्यात आकडा चुकू शकतो, पण त्यातून विषाणू जात नाही. स्विच नसता तो उठून चालत जाईल. मान्यताप्राप्त साधन कुलपात आणि किल्लीवाला घरी असेल, तर खिशातला पेन ड्राइव्ह बाहेर येईल. दोन्ही दस्तऐवज माहिती अडवण्याचा विचार बारकाईने करतात. त्या माणसाला ती हवी का असते, याकडे अमेरिकन मानक पाहतच नाही आणि भारतीय तत्त्वे ओझरते पाहतात.

प्रमाणपत्राचा अर्थ :

सप्टेंबर २०१३ पासून भारत कॉमन क्रायटेरिया व्यवस्थेत प्रमाणपत्र देणारा देश आहे. त्यामुळे निविदेत प्रमाणपत्राची अट घालणे सोपे झाले आहे. अट घालणाऱ्याने मानक वाचलेले असतेच असे नाही. आपोआप पाळीपाळीने संगणक बदलणे, संगणकाच्या आज्ञेने बदलणे आणि कीबोर्डवरील शॉर्टकटने बदलणे, या तिन्ही गोष्टी मानकाने स्पष्टपणे नाकारल्या आहेत. निवड माणसाने जाणीवपूर्वक, आपल्या कृतीनेच करावी, असा त्यामागचा आग्रह आहे. खरेदीच्या कागदावर 'सुरक्षित' या शब्दाशेजारीच 'हॉटकी सुविधेसह' असे लिहिले जाते, तेव्हा त्या कागदाने स्वतःचीच अट रद्द केलेली असते.