गळती मान्य करणारे यंत्र

ब्रिटिश सीगलच्या जुन्या मोटरीला झाकण नसते. होडीच्या मागच्या फळीला अडकवलेली ही मोटर पाहताच तिची सगळी रचना नजरेत येते. वर पितळेची टाकी, फ्लायव्हील आणि एकच सिलिंडर. तिथून पाण्यात उतरणाऱ्या उघड्या नळ्या. एकीत पंखा फिरवणारा दांडा, दुसरीतून धूर खाली जातो, तिसरी बारीक नळी इंजिन थंड ठेवायला पाणी वर आणते. यंत्र इतके उघडे असावे, याचे मला फार अप्रूप वाटते.

1931 मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनच्या जॉन मार्स्टन कंपनीने, म्हणजे सनबीम मोटारसायकलवाल्यांनी, ती ‘मार्स्टन सीगल’ या नावाने काढली. पुढे जॉन वे-होप आणि बिल पिनिगर यांनी ती हाती घेतली आणि डॉर्सेटमधल्या पूल या बंदरगावी तिचे बस्तान बसले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलानेही ती घेतली. वेगाची हौस तिला कधीच नव्हती. जड होडी ढकलायची, म्हणून मोठा पंखा सावकाश फिरवायचा. काही मॉडेलांच्या पंख्याला तर पाच पाती.

अशी मोटर पुन्हा चालती करायला घेतली की पहिला पेच गिअरबॉक्समध्ये पडतो. तेल काढावे, तर बाहेर येतो ताकासारखा पांढुरका द्रव. आत पाणी शिरले, सील गेले, असे कोणालाही वाटेल. पण पाणी पुरते अडवणारे सील तिथे मुळात नव्हतेच. दांड्याभोवती थोडी फट राहणार, पाणी येणार, हे धरूनच तिथे 140 ग्रेडचे घट्ट तेल सांगितले आहे. पाण्यात फेटले गेले तरी ते दात्यांना धरून राहते. पाण्याशी भांडण्यापेक्षा त्याला घरात जागा देणारी ही रचना मला या मोटरीतला सर्वांत सुंदर विचार वाटतो. तिथे आधुनिक सील बसवणाऱ्यांची धडपड समजते, पण पटत नाही. त्याऐवजी तेल वरचेवर बदलावे.

हीच वृत्ती वर क्रँककेसमध्येही आहे. क्रँकशाफ्ट बॉल बेअरिंगवर नव्हे, तर कांस्याच्या साध्या बुशांमध्ये फिरतो आणि बुशातली फट तेलाच्या थराने बंद राहते. म्हणून जुन्या मॉडेलांना 10 भाग पेट्रोलला 1 भाग तेल लागते. पंख्याच्या जोडणीतही तेच. खडकावर आपटल्यावर पिन तुटावी आणि मोटर वाचावी, अशी सोय इतर मोटरींत असते. सीगलमध्ये दांडा आणि पंखा यांच्यामध्ये जाड स्प्रिंग आहे. धक्का ती सोसते आणि प्रवास चालू राहतो. पिन बदलायला भर पाण्यात वाकावे लागलेल्या माणसालाच या स्प्रिंगची खरी किंमत कळेल.

कष्टाचे काम वेगळेच आहे. खाऱ्या पाण्यात अॅल्युमिनियमच्या अंगात पोलादी बोल्ट वर्षानुवर्षे राहिला की दोन धातूंमध्ये पांढरी पूड धरते आणि बोल्ट जागचा हलत नाही. इथे जोर केला तर डोके तुटून हातात येते. मुरणारे तेल सोडायचे, थांबायचे, भोवतालचा भाग तापवायचा, पुन्हा तेल, पुन्हा थांबणे. पाना व्हिटवर्थ मापाचाच हवा. मेट्रिक पाना बसल्यासारखा वाटतो आणि नटाचे कोपरे गोल करून टाकतो. ठिणगी मिळत नसेल तर फ्लायव्हील उतरवावे. बहुधा पॉइंटांवर गंज असतो किंवा कंडेन्सर गेलेला असतो. पॉइंट घासून त्यांतली फट 20 थाऊला (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) लावली, की मॅग्नेटो बऱ्याचदा उठून बसतो. बॅटरी नाही, वायरींचा गुंता नाही.

टाकीवरच्या जुन्या छापाला मात्र हात लावू नये. पितळ आरशासारखे चकाकवण्याच्या नादात तो पुसला जातो, आणि नवा चिकटवलेला छाप लगेच ओळखू येतो.

चालू करण्याची पद्धत तिच्या स्वभावाला साजेशी आहे. कार्बुरेटरवरची टिकली पेट्रोल पाझरेपर्यंत दाबायची, चोक लावायचा, फ्लायव्हीलच्या खाचेत दोरीची गाठ अडकवून वेढे द्यायचे आणि ओढायचे. मोटर धडधडते, निळा धूर निघतो, मागे पाण्यावर तवंग पसरतो. या तवंगाचे समर्थन मी करणार नाही. पुढच्या मॉडेलांत तेलाचे प्रमाण 25 ला 1 वर आणले गेले, ते योग्यच झाले. गावाला पिण्याचे पाणी पुरवणाऱ्या तलावात 10 ला 1 वाली सीगल, कितीही प्रेमाने दुरुस्त केलेली असली तरी, उतरवू नये.